पाच चाळीसचं भाषण

जुलैत रुवैसला पहाट होत नाही,
रात्रच थोडी फिकट पडते.
पाच चाळीसला बस थांबते. साठ माणसं उतरतात,
निम्मी अजून उशीवरच.
मी, सेफ्टीवाला विश्राम कासार,
केबलच्या रिकाम्या ड्रमवर चढतो
आणि खिशातून कागद काढतो.

दोन वर्षं हेच.
हार्नेस. हुक. शिडी. पाणी प्या.
"सब मालूम?"
"मालूम," साठ तोंडं म्हणतात,
जांभई आणि होकार एकाच श्वासात उरकून.

मग एका मंगळवारी तिसऱ्या मजल्याच्या मचाणावर
शफीउल दिसला, कमरेला दोन्ही हुक लोंबकळत,
बैलाच्या गळ्यात घुंगरं असावीत तसे.
मी खालून ओरडलो. उतरला बिचारा. रागावला नाही.
म्हणाला, "सर, आप तो कागज़ को बोलता है.
हम बीच में नहीं बोला."

त्या रात्री कॅम्पच्या धुलाईखोलीत
सहा मशीनांसमोर उभा राहून मी भाषण केलं.
फोनवर रेकॉर्ड केलं, ऐकलं.
एका मिनिटात चौदा वेळा "तो".
आवाज माझाच, पण कुणाच्या तरी मापाचा,
खांद्यात सैल, बाह्यांना आखूड.
पाचव्या मशीनमधली कुणाची तरी लुंगी
काचेआडून गरगरत माझ्याकडे बघत होती.
श्रोत्यांत तेवढंच लक्ष.

झोप लागेना. वडील आठवले.
चांदवडच्या सोमवारच्या बाजारात
गोणपाटावर बसून बांगड्या भरायचे.
हात आवळून धरलेली नवी नवरी समोर,
बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडलेली,
आणि वडील विचारायचे, "माहेर कुठलं, बाई?"
ती सांगू लागायची. विहीर, भाऊ, शेळी, काहीबाही.
सांगता सांगता हात मऊ पडायचा
आणि बांगडी मनगटात.
मला म्हणायचे, हाताकडे बघू नको रे,
हाताकडे बघितलं की हात आखडतो.
तोंडाकडे बघ.
मी तेव्हा काचा वेचत होतो, लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कागद खोलीवर ठेवला.
ड्रमवर चढलो, आणि सगळं विसरलो.
कोरडं. विहिरीत बादली टाकावी
आणि तळाचा दगडच वाजावा तसं.
पाच सेकंद. दहा.
लांब रिफायनरीची ज्योत फडफडताना ऐकू आली,
बसचा एसी ठिबकताना ऐकू आला,
आणि एकेक हेल्मेट वर झालं.
मी बोलत असताना दोन वर्षांत
एकदाही झालं नव्हतं.

"शफीउल," मी म्हटलं, "गाव कौनसा?"
तो गोंधळला. "हातिया."
"कैसा है?"
मग तो बोलू लागला. नदी कशी दरवर्षी किनारा चावते,
घर तीनदा मागं सरकवलं, चौथ्यांदा जागा उरली नाही,
आता आई चुलत्याच्या अंगणात राहते,
सुपारीची दोन झाडं तेवढी अजून आपली.
सांगता सांगता त्याची बोटं
आपोआप पट्ट्याशी गेली, हुक चाचपू लागली,
शेजारच्या पाइपाला लावून पाहिला.
खट्.
मी हुकाकडे पाहिलं नाही.

सगळं सुरळीत झालं म्हणाल तर नाही.
गुरुवारी मी रंगात येऊन बावीस मिनिटं बोललो,
ऊन डोक्यावर आलं, फोरमन वर्गीसने
घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.
क्रेनवाला ज़र्वली खान अजून उभ्या उभ्या झोपतो,
त्याच्या गावाबद्दल विचारलं तर म्हणतो, "दूर है."
"तो" चौदावरून नऊवर आलाय.
काही सकाळी काहीच जमत नाही,
नुसता आवाज मोठा होतो.

पण आज टेकबहादुरला विचारलं,
बर्फात शेळ्या कुठं बांधता?
तो हसला, हातवारे करून सांगत राहिला,
मागच्या रांगेत कुणीतरी पुढं सरकलं,
आणि त्या बोलण्याच्या आडून कुठंतरी
खट्. खट्.

एक बांगडी चढली की वडील थांबायचे,
घाम पुसायचे,
आणि नुसतं म्हणायचे, "दुसरा हात."

हार्नेसला हुक दोन असतात.
मी थांबतो. तोंडांकडे बघतो.
"दूसरा," म्हणतो.